फोटो सगळ्यात शेवटी येतो

देऊळगाव राजाच्या जालना रस्त्यावर आमची दोन दुकानं एकाच भिंतीला टेकून आहेत. माझं फोटो मढवायचं, शेजारचं संजीवनीचं फ्लेक्स बॅनरच्या डिझाइनचं. घरात कोणी गेलं की लोक आधी तिच्याकडे जातात, बॅनर टाकायला. तिथून निघाले की माझ्याकडे येतात, फ्रेम करायला. वाढदिवस, सत्कार, उद्घाटनं असतातच, पण खरं सांगायचं तर आमच्या दोघांच्या चुली तेरवीवर पेटतात. ऐकून कोणाला वाईट वाटत असेल तर वाटो. मेलेल्याचा फोटो फुकट मढवून देणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

संजीवनी रोहिणखेडची. लग्न होऊन इकडं येऊन बरीच वर्षं झाली, पण बोलणं तिकडचंच राहिलं. ती "मले, तुले" म्हणाली की आमच्याकडचे हसायचे. तिचा नवरा शेखर सगळ्यात जास्त चिडवायचा आणि पाच मिनिटांनी स्वतःच तसं बोलायला लागायचा. दुकान त्याचं, पण डिझाइनचा हात हिचा. जन्मभर धोतर-बंडीत वावरलेला म्हातारा तिच्या हाताखालून गेला की कोट-टाय घालून बाहेर पडायचा, कारण घरच्यांना तसाच हवा असायचा. मिटलेले डोळे ती उघडून द्यायची. लग्नाच्या घोळक्यातून एकीचंच तोंड कापून काढायची. शेखर ती फाईल जालन्याला छापायला पाठवायचा आणि संध्याकाळच्या एसटीनं बॅनरची गुंडाळी आली की स्टँडवरून घेऊन यायचा.

त्यांचा कम्प्युटर शेखरनं स्वतः जोडला होता. आत प्रोसेसर साधा आय-थ्री, तेव्हाचा स्वस्तातला. सकाळी शटर वर केलं की पहिलं काम त्याचं बटण दाबायचं. मग झाडू, मग सडा, मग अगरबत्ती, मग माझ्याकडे येऊन चहा. "मशीन उठतंय," असं तो म्हणायचा. घरात उशिरा उठणारं पोर असावं आणि त्याचं कौतुकही असावं, तसा सूर.

बॅनर उघडायलाही ते मशीन निवांत वेळ घ्यायचं. आधी निळं आकाश यायचं. मग झेंडूच्या माळा एकेक करून. मग समया, मग सोनेरी चौकट, मग खालची नावं. फोटो सगळ्यात शेवटी, कारण बाकी सगळं तयार असतं आणि फोटो वरून ठेवायचा असतो. तोवर गिऱ्हाईक खुर्चीत बसून राहायचं. संजीवनी विचारायची, काय झालं होतं, किती दिवस झोपून होते. लोक सांगायचे. मी भिंतीपलीकडून ऐकायचो, आणि फ्रेमसाठी माणूस माझ्याकडे येईपर्यंत मला अर्धी हकीगत माहीत असायची.

मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास शेखर गेला. सकाळची वेळ. मी काच पुसत होतो. शटर अर्धं वर गेलं आणि तिथंच थांबलं. शेखर पायरीवर बसला. मला वाटलं, चपलेत खडा गेला असेल. हाक मारली तर नुसतं माझ्याकडे बघितलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मला त्याचा राग आला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. असं कोणी शेजाऱ्याच्या डोळ्यांदेखत निघून जातं का?

संजीवनी रडली नाही. स्मशानातून माणसं परत आली तेव्हा नाही, माहेरचे आले तेव्हा नाही, तेरवीलाही नाही. बायकांनी लगेच कुजबुज सुरू केली, हिच्या डोळ्यांतून टिपूस निघेना म्हणे. उचलली जीभ लावली टाळ्याला. तेरवी झाल्यावर ती दुकान उघडायला लागली. एकदा माझ्यासमोर तिच्या हातावर कढत चहा सांडला. ओरडलो मी. ती हाताकडे बघत राहिली.

"मले काही होतच नाही, भाऊ," ती म्हणाली. "रडू काऊन येत नाही, काय माहीत."

मी फडकं ओलं करून दिलं.

तेरवीच्या आधी शेखरचा बॅनर मात्र तिनंच केला होता. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. बाकीच्यांचा बॅनर चहा होईस्तोवर व्हायचा, हा संपेचना. ती माळा टाकत राहिली. झेंडूच्या टाकल्या, मोगऱ्याच्या टाकल्या, पुन्हा झेंडूच्या. समया वाढवल्या. ढगांना सावल्या दिल्या. शेवटी जालन्याहून फोन आला की आता पाठवा, नाहीतर छापून मिळणार नाही, तेव्हा तिनं पाठवला. नंतर तो बॅनर चौकात लागला आणि उतरला. फाईल दुकानात राहिली.

यंदा स्टँडजवळ एक नवं डिझाइनचं दुकान झालं. तिथं म्हणे माणूस उभ्या उभ्या बॅनर घेऊन जातो. तेव्हापासून आमच्याकडची गर्दी पातळ झाली. तिचं गिऱ्हाईक गेलं म्हणजे माझंही जाणार, त्यामुळे मी काही संत नव्हतो. मीच तिला म्हणालो की ऋत्विकला बोलाव.

ऋत्विक म्हणजे शेखरचा दोस्त, गावात कम्प्युटर जोडून देतो. दोन पोरांचा बाप झाला तरी बोलण्याचा वेग कमी झालेला नाही. तो नवं मशीन घेऊन आला आणि जुन्याच्या शेजारी मांडलं. प्रोसेसर नवा आय-फाइव्ह.

"वहिनी, आधी दोन्ही बघा, मग ठरवा," तो म्हणाला. "अर्ज टाइप करायचा, सातबारा काढायचा, तर दोघांत फरक कळणार पण नाही तुम्हाला. जुनं बिचारं तेवढं करतं. पण जड बॅनर आला की दमतं. ह्याच्यात दोन माणसं राबतात असं धरा, नव्यात दहा. अन् दहाच्या दहा जास्त चपळ."

"मग जुन्यातच नवा प्रोसेसर बसव ना," मी म्हणालो.

"बसत नाही, भाऊ. त्याचा बोर्ड वेगळा, रॅम वेगळी. शेखरनं ह्याच्यात होतं ते सगळं करून पाहिलं. आता ह्याच्या पुढं हे जात नाही." किंमत त्यानं जरा हळू आवाजात सांगितली. त्या पैशात जुन्यासारखी तीन मशीनं आली असती.

संजीवनी भाजीवाल्यासमोर उभी असल्यासारखी उभी होती.

दोन्ही मशीनवर एकच फाईल उघडून दाखवायची, असं ऋत्विकचं ठरलं होतं. त्यानं दुकानातल्या सगळ्या फाईली वजनाप्रमाणे लावल्या आणि सगळ्यात वरची उचलली. फाईलचं नाव नुसतं 'फायनल नवीन' होतं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. त्यानं मोबाईलवर वेळ लावली आणि जुन्या मशीनवर फाईल उघडली.

आकाश आलं. माळा यायला लागल्या. झेंडू, मोगरा, पुन्हा झेंडू. माझ्या तेव्हाच लक्षात आलं. मी संजीवनीकडे बघितलं. समया आल्या, चौकट आली. ती चौकट बराच वेळ रिकामी राहिली. मग वरून पट्ट्यापट्ट्यांनी फोटो उतरला, आणि शेखर आमच्याकडे बघून हसला.

ऋत्विकचं बोलणं पहिल्यांदाच थांबलं. "सॉरी वहिनी," तो म्हणाला. "दुसरी घेतो."

"राहू दे. हीच जड आहे," संजीवनी म्हणाली. "नव्यावर लाव."

नव्यावर त्यानं बटण दाबलं आणि शेखर होता. मधलं काही नाहीच. आकाश, फुलं, चौकट, फोटो, सगळं एकदम तोंडावर आलं. मी मान वळवली.

"आता पुन्हा जुन्यावर लाव."

"कशाला वहिनी, कळलं की."

"तुझा दोस्त म्हणत नव्हता का, एका खेपेवर भरोसा ठेवू नये? लाव."

त्यानं लावलं. पुन्हा नव्यावर लावलं. पुन्हा जुन्यावर. ऋत्विकनं वेळ मोजणं केव्हाच सोडलं होतं. मी फक्त तिच्याकडे बघत होतो. जुन्या मशीनवर चौकट रिकामी असली की ती खुर्चीत पुढे वाकायची, आणि फोटो आला की मागे टेकायची. दर वेळी तसंच. चेहरा मात्र कोराच.

"नवं घेते," शेवटी ती म्हणाली. "जुनं घेऊन जा."

दुसरबीडच्या एका कृषी केंद्राला बिलं काढायला मशीन हवंच होतं. शनिवारी येऊन नेतो, असं ऋत्विक म्हणाला. जुनं मशीन सुतळीनं बांधून कोपऱ्यात गेलं.

नव्या मशीनचं काय सांगावं? अगरबत्ती पेटायच्या आधी ते उठून बसलेलं असायचं. चहाला माझ्याकडे यायचं कारणच उरलं नाही. काम भराभर व्हायला लागलं, स्टँडकडं गेलेली दोन गिऱ्हाईकं परतही आली. संजीवनी बॅनरमागून बॅनर काढत होती आणि कोणाला काही विचारत नव्हती. विचारायला वेळच नव्हता ना.

गुरुवारी महादेवराव म्हणून एक म्हातारे आले, कुठल्याशा खेड्यातून. मेथी-कोथिंबीर लावणारं घर. बायको गेली होती, परवा तेरवी होती. फोटो नातवानं आधीच व्हॉट्सअॅपवर पाठवलेला. संजीवनीनं एक बटण दाबलं, मागचा गोठा आपोआप कापला गेला. दुसरं दाबलं, बाई चौकटीत जाऊन बसली. गळ्यात माळ, मागे आकाश. महादेवराव अजून खुर्ची ओढत होते. त्यांनी वर बघितलं, खुर्ची तशीच सोडली आणि बाहेर निघून आले. माझ्या स्टुलावर बसले.

मी पाणी दिलं. त्यांनी ते हातातच धरलं.

"येवढ्या लवकर कशी काय झाली?" ते म्हणाले. "मी अजून तिचं नाव पण सांगितलं नव्हतं."

संजीवनी दारात आली होती. तिनं ते ऐकलं. ती आत गेली आणि मला कोपऱ्यातली सुतळी सोडल्याचा आवाज आला. वायरी लावायला तिनं मला बोलावलं. का, ते मी विचारलं नाही. जुनं मशीन सुरू केलं. ते उठेपर्यंत ती माझ्या दुकानात आली, महादेवरावांसाठी चहा सांगितला, त्यांना हाताला धरून आत नेलं.

"नाव काय होतं, बाबा?" तिनं विचारलं.

"गीताबाई."

तिनं नाव टाकलं, फाईल जुन्या मशीनवर उघडली. आकाश आलं. माळा येऊ लागल्या.

"किती वेळ लागंल, ताई?"

"लागंल थोडा. जुनं आहे."

"लागू द्या," महादेवराव म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. गीताबाई जी जुडी बांधायची ती बाजारात कधी सुटायची नाही. मीठ कमी पडलं तर दोष मिठाला द्यायची. शेवटी बोलणं बंद झालं होतं, पण महादेवराव गोठ्यात गेले की खाटेवर हात आपटायची, म्हणजे कुठं गेलात म्हणून. चौकट आली. रिकामी होती. महादेवराव बोलायचे थांबले आणि पुढे वाकले. अगदी तसेच, ती वाकायची तसे. संजीवनी त्यांच्याकडे बघत होती, पडद्याकडे नाही.

मग फोटो उतरला. म्हाताऱ्यानं मान डोलावली. "हां," म्हणाले, "हीच." आणि डोळ्याला धोतराचा सोगा लावला.

शनिवारी ऋत्विक रिक्षा घेऊन आला. मशीनची मागची वायर काढली, तेव्हा संजीवनी म्हणाली, "ते नेऊ नको."

"काऊन वहिनी? दुसरबीडवाल्याला शब्द दिलाय मी. अन् ह्याचं तुम्हाला आता काय काम आहे? हे तर नुसतं वेळ खातं."

बॅनरचा साइज सांगावा तशा आवाजात ती बोलली. "याच्यावर फुलं येतात. चौकट येते. फोटो यायचा असतो. तेवढा वेळ तो मेलेला नसतो, ऋत्विक. नव्यावर तो आधीच मेलेला असतो."

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण त्या वेळी आम्हा दोघांनाही कळलं. शेखर पायरीवर बसला होता आणि मला वाटलं होतं की चपलेत खडा गेला असेल, तेवढा वेळ माझ्याकडेही होता. मला तो कधी मोजावासा वाटला नव्हता.

पहिला थेंब टेबलावर पडला तेव्हा ती स्वतःच दचकली. मग तिनं ओढणी काढून कीबोर्डवर पसरली, पाणी आत जाऊ नये म्हणून, आणि त्यावर डोकं टेकून रडायला लागली. ते रडणं मोठ्यानं होतं. रस्त्यावरची माणसं थांबली. मी बाहेर जाऊन शटर अर्धं खाली ओढलं.

वळून बघितलं तर ऋत्विक टेबलाखाली वाकून काढलेली वायर परत लावत होता.