सात नंबरला नवं काम नको

आमच्या विद्यापीठात बरेच संगणक एकत्र जोडून मोठी गणितं सोडवतात. कुठलं काम कुठल्या यंत्राला द्यायचं, ते मी बघते. आज सकाळी सात नंबरचा पंखा खरखरू लागला.

"मॅडम, बंदच करून टाकू," माझे सहकारी सावंत म्हणाले.

पण त्यावर रेवतीच्या पीएचडीचं गणित आठवडाभर चालू होतं. बंद केलं असतं, तर तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती. मी सातला फक्त नवं काम देणं थांबवलं. पुढची कामं शेजारच्या यंत्रांकडे गेली.

"सात नंबरला सातवा महिना लागलाय की काय? भारी लाड चाललेत!"

"मला सातवा लागला होता तेव्हाही माझं नवं काम कुणी थांबवलं नव्हतं, सावंत."

हातातलं सावकाश पुरं कर, पुढचं बाकीचे बघतील, एवढं साधं वाक्य. माणसाला ते ऐकायला आधी आडवं पडावं लागतं.

दुपारी गणित सुटलं. रेवती धावत आली, आकडे पाहून हसत खुर्चीत बसली. मग मी सात नंबर बंद केला. खरखर थांबली तेव्हा कळलं, सकाळपासून मी खांदे आवळून बसले होते.