आमचे भूलवाले साडू

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अख्ख्या जंगलपट्टीत माणसं झोपवण्याचा धंदा करून स्वतः इतकं बोलणारा दुसरा माणूस सापडणार नाही. हे आमचे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. सिंदेवाहीपासून आलापल्लीपर्यंत जिथे ऑपरेशन असेल तिथे भूल द्यायला जातात. इतर डॉक्टर सुई टोचून मोकळे होतात. आमच्या साडूंना मात्र पेशंटला सगळं समजावल्याशिवाय झोपवणं म्हणजे दगाबाजी वाटते. "भाऊ, मेंदूतल्या पेशी एकमेकीले निरोप धाडत राह्यतेत," असं ते हर्नियाने कळवळणाऱ्या माणसाला सांगू लागतात. "एक म्हणते, ऊठ. दुसरी म्हणते, चूप. आपली दवा त्या चूपवालीले बळ देते. तिच्या निरोपानं शेजारणीचा दरवाजा उघडते, तो जरा जास्त वेळ उघडा राह्यते, मिठातलं क्लोराइड आत शिरते अन् ते पेशी सुस्तावते. मंग कोणी कितीबी आवाज देवो." निम्मे पेशंट दवेआधीच पेंगतात, असं नर्सबाई सांगतात.

एका लग्नात त्यांनी अख्ख्या पंगतीला पेशी केलं. भाताचा निरोप एकाने पुढच्याला द्यायचा, आणि मधे बसून मी 'चूप' म्हणायचं. मी ते इतकं चोख केलं की पलीकडच्या टोकाला भात पोचलाच नाही आणि नवरदेवाचे मामा उपाशी उठले. "दवेचा असर असाच असते," साडू समाधानाने म्हणाले. वनखात्याने विहिरीत पडलेला बिबट्या बेशुद्ध करून काढला, तेव्हाही यांनी जनावरांच्या डॉक्टरांना गंभीरपणे विचारलं, "त्याले आधी समजावलं होतं काय?"

अशा माणसावर आमच्या सासूबाईंना भूल द्यायची वेळ आली. पित्ताशयात खडे झाले होते, डोळे पिवळे पडले होते, आणि आता थांबलात तर जीवावर बेतेल असं सर्जनने बजावलं होतं. पण बाई हटून बसल्या. भुलीत माणूस पोटातलं सारं बकतो, अशी त्यांच्या गावात सगळ्यांची खात्री. आणि बाईंच्या पोटात एक मोठं गुपित होतं. रानातल्या कुठल्या वारुळावर दर पावसाळ्यात सात्या उगवतात, ते त्यांना ठाऊक होतं. या रानअळिंब्यांची जागा तिकडे कोणी सख्ख्या लेकीलाही सांगत नाही. "मी बकली तं सारं गाव टोपले घेऊन जाईन," त्या म्हणाल्या.

साडूंनी खोटं बोलून वेळ मारून न्यावी, तर तेही नाही. "बाई, सुरवातीले थोडं बोलू शकता," ते म्हणाले. मी कपाळाला हात लावला. शेवटी असं ठरलं, की बाई झोपेपर्यंत त्यांच्या उशाशी साडूंशिवाय कोणी थांबायचं नाही, आणि कानावर पडेल ते साडूंनी पोटात ठेवायचं. "तुमी? तुमच्या तोंडात तं तीळ भिजत नाई," बाई म्हणाल्या. तरी तयार झाल्या. ऑपरेशन नीट पार पडलं, आणि बाहेर आलेले साडू आयुष्यात पहिल्यांदा गप्प होते. मेहुणीने खोदून खोदून विचारलं, पण एक अक्षर फुटलं नाही.

बाई पुढे चांगल्या जगल्या. दर श्रावणात आम्हाला सात्यांची भाजी मिळाली. मागच्या वर्षी त्या गेल्या. यंदा श्रावणात दोघी बहिणींनी साडूंना घेरलं. आता तरी जागा सांगा म्हणाल्या. साडूंनी तासभर क्लोराइड सांगितलं. दोघी रागावून आत गेल्यावर मी हळूच विचारलं, "खरंच सांगितली होती का हो जागा?"

"सात्याचं नावबी नाई काढलं, भाऊ," ते म्हणाले. "आपल्याच घरची बाई, दवेचं माप चुकू नये म्हणून मी बोलाचा थांबलो. तं बाईनं माह्या हात धरला. म्हणे, काऊन चूप झाले जावई, बोलत राहा, मले भेव लागून राह्यलं."

साऱ्या गावाला दरडावणारी आमची सासू. तिची ती भीती या बडबड्या माणसाने इतकी वर्षं कोणाला कळू दिली नव्हती. मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि बाईंची फार आठवण आली.

"तवापासून पेशंट झोपला तरी मी जरासा बोलत राह्यतो," साडू म्हणाले. "आयकू येनं सगळ्यात शेवटी जाते."