नलिनीताईंना न सापडलेली चूक

श्रीमती नलिनीताई देवस्थळी यांची आणि माझी पहिली भेट दिल्लीतल्या एका केंद्रीय खात्याच्या संगणक विभागात झाली. मी तेव्हा मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहत होतो. परभणीहून आलो होतो कलेक्टर व्हायला. चार प्रयत्नांनंतर आयोगाने माझा आणि मी आयोगाचा नाद सोडला, आणि जवळ कॉम्प्युटरची पदवी होती म्हणून प्रोग्रामरची नोकरी धरली. पहिल्या दिवशी ताईंनी माझ्यापुढे कीबोर्ड ठेवला नाही. प्रोग्रामच्या छापील कागदांचा वीतभर जाड गठ्ठा ठेवला आणि म्हणाल्या, "वाच. मोठ्याने वाच, मी ऐकते."

पंधरा दिवस मी वाचत होतो आणि ताई समोर पेन्सिल घेऊन ऐकत होत्या. कुठून या पोथीवाल्या बाईंच्या तावडीत सापडलो, असं मला वाटे. मग एके दिवशी एका ओळीवर माझी जीभ अडखळली. ताईंनी तिथे खूण केली, दोनदा पुन्हा वाचायला लावलं, आणि ती ओळ खरोखरच चुकीची निघाली. "जिथे वाचणारा अडखळतो ना, तिथे लिहिणाऱ्याने कुठेतरी घाई केलेली असते," त्या म्हणाल्या. विभागातल्या आम्हा सगळ्यांना त्यांनी हीच सवय लावली. आज मी त्या विभागाचा प्रमुख आहे आणि नव्या मुलामुलींना तसंच वाचायला बसवतो. ती माझ्याकडेही 'कुठे सापडलो' अशाच नजरेने बघतात.

संपादक मंडळाने ताईंच्या या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी मला पत्र पाठवलं, त्यात 'ताईंचे पट्टशिष्य या नात्याने' असे शब्द होते. ते वाचून मला लाज वाटली. ही विनयाची भाषा नाही. ती लाज का वाटली, तेच या लेखात सांगायचं आहे. गौरवलेखात लेखकाने आपलं गाऱ्हाणं घालू नये हे मला कळतं, पण ही गोष्ट वगळून ताईंचा गौरव केला तर तो खोटा ठरेल.

ताईंच्या स्वभावाबद्दल आधी दोन शब्द. फायलीवर 'सिस्टीमच्या त्रुटीमुळे' असं लिहिलेलं त्यांना बिल्कुल खपत नसे. एकदा एका अधिकाऱ्यांनी तसं लिहून पाठवलं, तर ताईंनी फाईल परत केली. "ये सिस्टम कौन हैं साहब? किस कमरे में बैठते हैं?" असं त्यांनी शांतपणे विचारलं होतं. चूक माणसाची असते आणि माणसाला नाव असतं, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि हा कडकपणा फक्त कागदावरचा. मला टायफॉईड झाला तेव्हा त्या सरोजिनी नगरच्या आपल्या क्वार्टरमधून पाच दिवस रोज ऑटो करून मुनिरक्याला आल्या, मऊ भाताचा डबा घेऊन. माझा घरमालक पंखा दुरुस्त करत नव्हता. ताईंनी त्याला जिन्यात गाठून असं काही सुनावलं, की तासाभरात पंखा फिरू लागला.

आता मूळ गोष्ट. खात्याच्या स्वतःच्या क्वार्टर्स होत्या. त्यांच्या प्रतीक्षायादीत ज्याची पाळी येई त्याला वाटपाचा क्रमांक देण्याचा प्रोग्राम ताईंनी फार पूर्वी लिहिलेला होता. त्या क्रमांकावरून घर ठरे आणि वाटपपत्र छापून निघे. कामं वाढली, सर्व्हर जुना झाला, आणि नवा काही मंजूर होईना. त्या सर्व्हरमध्ये दुसऱ्या प्रोसेसरची जागा रिकामी होती. तो बसवायचं ठरलं.

ताईंनी विरोध केला नाही, पण एक अट घातली. त्यांचा प्रोग्राम लिहिला गेला तेव्हा यंत्रात प्रोसेसर एकच होता, म्हणजे एक रजिस्टर आणि एक कारकून. शेवटचा क्रमांक बघायचा, त्यात एक मिळवायचा, लिहायचा. तेवढ्यात मध्ये कोणी येणार नाही याची त्यांनी सोय केली होती. दुसरा प्रोसेसर म्हणजे त्याच रजिस्टरवर बसवलेला दुसरा कारकून. दोघांनी एकाच क्षणी शेवटचा क्रमांक बघितला, तर दोघंही पुढचा तोच क्रमांक लिहिणार. "मी सगळा प्रोग्राम पुन्हा वाचून दुरुस्त करीपर्यंत हा पहिल्या प्रोसेसरलाच बांधून ठेवायचा. बाकीची कामं खुशाल दोन्हींवर पळू देत," असं त्यांनी मला सांगितलं आणि टिपणही लिहिलं. मी माझ्या हाताने तो प्रोग्राम पहिल्या प्रोसेसरला बांधला.

महिन्याभराने संचालक साहेब नवी व्यवस्था बघायला आले. ताई त्या दिवशी रजेवर होत्या. पडद्यावर दोन प्रोसेसरच्या दोन पट्ट्या दिसत. पहिली वरपर्यंत चढलेली, दुसरी तळाशी पेंगत असलेली, कारण त्या वेळी चालू होता तो मुख्यतः क्वार्टर्सचाच प्रोग्राम. साहेबांनी बोट दाखवलं. "ये दूसरा वाला सो क्यों रहा है, भाई? इसी के लिए लगवाया था?"

मी खरं उत्तर देऊ शकलो असतो. ते मला पाठ होतं. पण साहेबांबरोबर पाहुणे होते, माझं वय बत्तीस होतं, आणि आपण काहीतरी करून दाखवावं असं मला वाटलं. "अभी देखिए सर," म्हणालो आणि प्रोग्राम दोन्ही प्रोसेसरवर मोकळा सोडला. दोन्ही पट्ट्या एकदम उभ्या राहिल्या. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तो प्रोग्राम मी संध्याकाळी परत बांधायला हवा होता. बांधला नाही. उद्या साहेब पुन्हा डोकावले तर, असा विचार केला.

तीन आठवड्यांनी एकाच क्वार्टरची दोन वाटपपत्रं निघाली. एक दुसऱ्या शाखेतल्या कर्मचाऱ्याला, एक आमच्या खात्याचे ड्रायव्हर नेगीजी यांना. नेगीजी अकरा वर्षं यादीत होते. भाड्याची खोली सोडून, टेम्पोत सामान भरून, बायको आणि दोन मुलींसह ते दारात पोचले, तर आत दुसऱ्यांचा गॅस पेटलेला.

बातमी आली तेव्हा ताई वरच्या मजल्यावर बैठकीत होत्या. मी पळत सर्व्हरच्या खोलीत गेलो आणि त्या येण्याआधी प्रोग्राम पुन्हा पहिल्या प्रोसेसरला बांधून टाकला. त्या जुन्या यंत्रात अशा बदलाची नोंद राहत नसे, हे मला माहीत होतं. सोडला ती हौस म्हणता येईल. परत बांधला ती चोरी होती.

ताई आल्या, त्यांनी बघितलं. प्रोग्राम बांधलेलाच होता. मला विचारलं, "महेश, मध्ये कधी सोडला होतास का?" मी म्हणालो, "नाही ताई." त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. फायलीवर लिहिलं, की आवश्यक खबरदारी घेऊनही क्रमांक दोनदा दिला गेला, सबब दोष प्रोग्रामच्या रचनेत आहे आणि तो प्रोग्राम माझा आहे. खाली पूर्ण नाव आणि सही.

त्या वर्षी विभागप्रमुखपद त्यांना मिळायचं होतं. ते मिळालं नाही. दोन वर्षांनी त्या आहे त्याच पदावरून निवृत्त झाल्या. पुढे त्या खुर्चीत मी बसलो.

नेगी कुटुंबाला दुसरं घर मिळायला दीड महिना लागला. तो दीड महिना ते ताईंच्या क्वार्टरमध्ये, ताईंच्या पाहुण्यांसारखे राहिले. मी एकदा तिथे गेलो होतो. नेगीजींच्या पत्नींनी मला गरम पराठा वाढला आणि आग्रह केला, "एक और लीजिए, मैडम कहती हैं आप बहुत मेहनत करते हैं।" मी दुसराही खाल्ला. नाही म्हणायचीसुद्धा हिंमत नव्हती.

माणूस निगरगट्ट होतो असं म्हणतात. मी झालो होतो. ताई आता मयूर विहारच्या सोसायटीत राहतात, मी दर दिवाळीला फराळ घेऊन जायचो, नमस्कार करायचो, बाहेरच्या खोलीत बसून यायचो. गेल्या महिन्यात या लेखासाठी माहिती घ्यायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "आत ये, जेवणाच्या टेबलाशी बसू. पसारा आहे, सांभाळून." टेबलावर त्या प्रोग्रामचे छापील कागद होते, सतरा वर्षांपूर्वीचे. कडा पिवळ्या पडलेल्या, समासात पेन्सिलीच्या खुणा, वर भिंग ठेवलेलं.

"अजून वाचतेस का म्हणून माझी मुलगी चिडते," ताई हसून म्हणाल्या. "पण बघ ना. बांधलेला असताना क्रमांक दोनदा गेला कसा? कुठून तरी गेलाच ना? मी एवढ्या वेळा वाचलं, कुठे अडखळतच नाही. ही एक चूक मला सापडली नाही रे. आता डोळेही साथ देत नाहीत."

मी इतकी वर्षं समजत होतो की मी त्यांचं पद घेतलं. त्यांचा स्वतःवरचा विश्वासही घेतलाय, हे त्या टेबलाशी कळलं. आणि तरीही त्या दिवशी मी बोललो नाही. चहा प्यालो आणि मेट्रोने परत आलो.

आधी सोपं काम केलं. निवृत्त होऊन गढवालला गावी गेलेल्या नेगीजींना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मैडम को बता दिया?" मी नाही म्हणालो. "तो मुझे क्यों बता रहे हो, साहब?" आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा मयूर विहारला गेलो आणि उभ्याउभ्याच सांगितलं. ताईंनी मध्ये टोकलं नाही. वाचताना ऐकायच्या तशाच ऐकत होत्या. मग विचारलं, "साहेब आले त्या दिवसापासून सोडलेला होता?"

"हो."

"आणि मी यायच्या आधी परत बांधलास."

"हो, ताई."

"अच्छा." त्या म्हणाल्या. "म्हणजे प्रोग्राम बरोबर होता."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. ती सुटका होती. राग नंतर आला. त्या म्हणाल्या, "पद गेलं त्याचं मला फारसं काही नाही. पण मी तुला विचारलं होतं, महेश. एकदा विचारलं, कारण तुला दोनदा विचारायची गरज नाही असं मला वाटायचं." मी मान खाली घातली. 'जाऊ दे' असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मीही त्याची वाट बघितली नाही. हे ग्रंथात लिहू का, असं विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "लिही. कोणी लिहिलं त्याचं नाव खाली घाल, म्हणजे झालं." फायलीवरच्या नोंदीत दुरुस्ती व्हावी म्हणून खात्यालाही मी माझ्या सहीने पत्र दिलं आहे. त्याचं जे व्हायचं ते होईल.

वाचकहो, ताईंच्या विद्वत्तेबद्दल आणि शिस्तीबद्दल या ग्रंथात माझ्याहून योग्य माणसं लिहितील. मला एवढंच ठामपणे सांगायचं आहे, की त्यांच्या त्या प्रोग्राममध्ये चूक नव्हती. नलिनीताईंना आरोग्य लाभो, दृष्टी शाबूत राहो आणि त्या शंभरी गाठोत, असं सगळेच म्हणतील, मीही म्हणतो. फक्त माझी प्रार्थना थोडी लोभी आहे. नसलेली चूक शोधण्यात माझ्यामुळे गेलेली सतरा वर्षं त्या शंभरावर वेगळी मिळावीत, आणि त्यांतल्या एकाही सकाळी त्यांना स्वतःबद्दल शंका येऊ नये.

— महेश कुलथे