ठमाबायच्या आवाजाला कुलूप

गोजराबायला मी कित्येक वर्षं चिडवत आलोय आणि दर वेळी पोटभर बोलणी खात आलोय. पण गेल्या मार्गशीर्षात तिच्या वाटेला जायची माझीसुद्धा छाती झाली नाही. नाक्यावर ती समोरून आली की मी पेपर तोंडासमोर धरायचो. तो उलटा धरलाय, हे चहावाला सांगायचा.

आधी बाई कोण ते सांगतो. शिरवणे म्हणजे नेरूळच्या पोटात राहिलेलं जुनं गाव. चहूबाजूंनी आमच्यासारख्या नोकरदारांच्या सोसायट्या उगवल्या, गाव मधल्यामध्ये तसंच. गोजराबाय त्या गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी असतो, पण तो मंगलाष्टकं म्हणून पुढच्या मांडवात पळतो. खरं लग्न लावते ती धवलारीण. मांडव, हळद, प्रत्येक गोष्टीला तिचं गाणं, म्हणजे धवला. त्यातला सगळ्यात लांबलचक धवला देवांना आवतण द्यायचा. बांधावरचा देव, खाडीतला, मिठागरातला, वेशीवरचा, मग घराण्यातले गेलेले आजे-पणजे, सगळ्यांना ठावठिकाण्यासकट हाक मारायची. मिठागर बुजून तिथे मॉल आला असेल, तरी देवाचा पत्ता बदलत नाही. आणि एकाचं जरी आवतण चुकलं तर तो रुसतो नि नव्या संसारात खोडा घालतो, अशी गावाची पक्की समजूत.

हा धवला दोघींनी म्हणायचा असतो. म्होरकीने अर्धी ओळ सोडायची, दुसरीने उरलेली अर्धी झेलायची. गोजराची सासू ठमाबाय जन्मभर म्होरकी आणि गोजरा जन्मभर झेलणारी. आता पंचाईत बघा. दुसरे अर्धे गोजराला झोपेतही पाठ, पण पहिला अर्धा कानावर पडल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा गोजरा घाबरली. फोनमध्ये आवाज भरता येतो हे तिला ठाऊक होतं. रोज दुपारी उशाशी फोन ठेवून तिने सासूकडून एकेक धवला वदवून घेतला. ठमाबाय गेली, फोन राहिला. पुढे कुठलंही लग्न आलं की आदल्या दिवशी हिची उजळणी फोन कानाला लावून, आणि मांडवात दोन्ही अर्धे एकटीनेच.

"अगं, एकदाच पाठ करून टाक की," मी म्हटलं होतं.

"तू तुज्या बायकोचा फोन नंबर पाठ केलास काय?" तिने विचारलं.

फोन साधा, बटणांचा. पाठीवर बनवणाऱ्या कारखान्याचं नाव, पोटावर सिमकार्डवाल्या कंपनीचं. दोघांचीही नावं मी घेणार नाही, फुकटची जाहिरात कशाला? सिमवाल्या कंपनीचं दुकान धर्मराजच्या इमारतीत. धर्मराज गावातला बडा माणूस. शेती गेली, बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर इमारत उभी केली. तळाला कंपनीची गॅलरी, म्हणजे हेच दुकान, गच्चीवर त्याच कंपनीचा टॉवर. गोजराला फोन त्याच गॅलरीतून जवळजवळ फुकट मिळाला होता. आणि फुकटच्या वस्तूला आपण कधी प्रश्न विचारतो का?

गोजराचं घर त्या टॉवरच्या बुडाशी, आणि नेमकी तिच्याच घरात रेंज नाही! उलव्याची, कामोठ्याची माणसं लग्नाची तारीख सांगायला फोन करायची, लागला नाही की दुसरी धवलारीण गाठायची. हंगाम हातचा जायला लागला. शेवटी स्टेशनाबाहेर छत्र्या लावून सिम विकायला बसतात, त्यांच्याकडे जाऊन तिने नंबर दुसऱ्या कंपनीत नेला.

"नंबर तोच राहतो मावशी, टेन्शन नाय," छत्रीखालचा म्हणाला. तेवढं खरं होतं. नंबर तोच राहिला. नवं सिम घातलं आणि फोनच्या पडद्यावर अक्षरं आली: हे सिम चालणार नाही, आमच्या कंपनीचे सिम घाला. बस. पुढे कुठलंही बटण दाबा, तेच. फोन लावू देत नाहीत, एक वेळ समजू शकतो. पण आतला आवाज? तो सासूचा होता, कंपनीचा नव्हता. तोही कोंडला.

आणि पंधरवड्यावर लग्न कुणाचं? धर्मराजच्या मुलीचं, सुचिताचं.

गोजरा गॅलरीत गेली. तिथे स्मिता नावाची कामोठ्याची पोरगी बसते, कंपनीचा टी-शर्ट घालून.

"जुना नंबर परत आमच्याकडे आणा ना मावशी. पण लगेच नाय होणार हां, तीन महिने थांबावं लागेल."

"तीन महिन्यांत सुचिताला दिवस जातील गो. लगीन आता हाय."

"मग आमचं नवीन सिम घ्या. एका मिनिटात चालू." स्मिताने घातलंसुद्धा. फोन जागा झाला, त्याने विचारलं: जुनी सगळी माहिती पुसून नव्याने सुरू करायचं का? 'नाही' म्हटलं तर पुन्हा कुलूप. स्मिताचा अंगठा 'होय'वर गेला आणि गोजराने तिचं मनगट असं धरलं, की बांगडी फुटली.

"काय पुसतंस? माजी सासू पुसतंस?"

पोरगी रडकुंडीला आली. "मी काय करू? फोन आमी नाय बनवत. बनवणाऱ्या कंपनीला विचारा, तुर्भ्याला त्यांचं सर्व्हिस सेंटर आहे."

तुर्भ्याला केयूर नावाचा इंजिनियर भेटला. सज्जन मुलगा. त्याने फोनला वायर लावली, लॅपटॉप उघडला आणि मान हलवली.

"आवाज आत आहेत मावशी, मला दिसतायत. पण उघडायला कोड लागेल."

"मग टाक."

"कोड सिमवाल्यांकडे असतो."

"फोन कोनी बनवला?"

"आम्ही."

"कुलूप कोनी लावलं?"

"लावलं आम्हीच. त्यांनी सांगितलं म्हणून."

"आनि चावी?"

"त्यांच्याकडे."

आयुष्यभर लग्नं लावलेली बाई, तिला नाती लगेच कळतात. "म्हंजे तुमी घरजावई," ती म्हणाली.

केयूरला राग यायला हवा होता. पण तो इतके दिवस कुणी विचारेल याची वाटच बघत असावा, कारण धरण फुटावं तसा बोलायला लागला. बटणाचा रंग कुठला, ते सांगणार सिमवाले. फोन सुरू होताना वाजणारं गाणं त्यांचं. मधल्या बटणावर बोट पडलं की उघडणारं दुकान त्यांचं. "आम्ही रेडिओ बिनसिमचा चालेल असा केला होता मावशी. त्यांनी तोही बंद करायला लावला. म्हणाले, फुकट गाणी ऐकली तर आमची कोण ऐकणार?"

"आनि तुमी हो म्हनालाव?"

"लाखांनी फोन उचलतात ते. नाही म्हटलं तर तीच ऑर्डर शेजारच्या कारखान्याला जाते. ते महागडे फोनवाले असतात ना, त्यांच्यापुढे हेच सिमवाले हात जोडून उभे राहतात. आमच्यासारख्या साध्या फोनवाल्यांनी कुठे जायचं?"

"म्हंजे मोठ्या घरच्या जावयाला पाट, आनि तुमाला केरसुनी. आनि केर कोनाच्या दारात लोटता? माज्या!"

हे मला केयूरनेच नंतर सांगितलं, नक्कल करून. मी खूप हसलो. आणि मग घरी जाऊन माझा स्वतःचा फोन बघितला. पाचसहा चित्रं अशी सापडली, जी मी कधी मागितली नाहीत आणि पुसायला गेलो तर पुसत नाहीत. हसू गेलं. माझ्या खिशात माझा म्हणून मी कुणाचं बिऱ्हाड घेऊन फिरतोय? चपला बनवणाऱ्याला रस्तेवाल्याने सांगितलं, की तुझी चप्पल आमच्याच रस्त्यावर चालली पाहिजे, तर आपण दोघांनाही जोड्याने मारू. इथे मात्र आपण 'ओके' दाबतो.

तुर्भ्याहून गोजरा थेट धर्मराजच्या घरी गेली. घरात साड्यांचे ढीग, पत्रिकांची चळत. धर्मराज सोफ्यावर बसून केटरिंगवाल्याला झापत होता.

"सुचिताच्या लग्नात मी उबी रानार नाय," गोजराने उभ्याउभ्याच सांगितलं.

धर्मराज उडालाच. "काकी, असं काय करता? काय कमी पडलं? सांगा ना!"

"तुज्या घरचे देव माज्या सासूच्या आवाजात हायत, आनि सासू तुज्या दुकानातल्या फोनात कोंडलेली हाय. तिला सोडव, मी येतंय."

"फोनचं माझ्या हातात काय हाय? मी फक्त गाळा दिलाय भाड्याने. नायतर शेजारच्या करावे गावातून दुसरी धवलारीण आणतो."

"आन की! तिला इचार, मिठागरातला तुज्या आज्याचा देव कोनता. इचार, आनि मना येऊन सांग."

धर्मराजने तिच्यादेखत कंपनीला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा करत तासाभराने एक बाई बोलली. तक्रार नोंदवली आहे, तिकीट, म्हणजे तक्रारीचा नंबर, मिळालंय, सात ते दहा दिवस. त्याने ओळखीच्या साहेबाला फोन केला, स्वानंद म्हणून, टॉवरच्या करारावर सही घ्यायला तोच आला होता. स्वानंद म्हणाला, "तो डिपार्टमेंट वेगळा आहे शेठ, एका म्हातारीच्या फोनसाठी हेड ऑफिसला कोण सांगणार?"

फोन मोठ्या आवाजावर होता. हे सगळ्यांनी ऐकलं. धर्मराजचे कान लाल झाले. सही घेताना हाच माणूस वाकून नमस्कार करत होता. तेवढ्यात धर्मराजची बायको वैजयंती, जी इतका वेळ साड्यांच्या घड्या घालत होती, तिने मान वर न करता विचारलं, "गच्चीची चावी कोनाकरं हाय?"

झालं. त्याच संध्याकाळी गच्चीच्या दाराला हे एवढं मोठं कुलूप लागलं. आणि दुसऱ्या दिवशी टॉवरच्या मशिनीचा मेन स्विच पडला. आपोआप पडला, असं धर्मराज सांगतो. आपोआप!

गावातली रेंज गेलीच, पण आमच्या सेक्टरातलीही गेली. सोसायटीत बोंबाबोंब. कुणाची मीटिंग तुटली, कुणाचं जेवण दारात येऊन परत गेलं. आमच्या सेक्रेटरीबाई गीतांजली कपाळाला हात लावून बसल्या. ज्यांनी वर्षानुवर्षं शिरवण्याची गल्ली पाहिली नव्हती ते तिथे टॉवर शोधत फिरू लागले. कंपनीचे मेकॅनिक आले, कुलूप बघून परत गेले. मग स्वानंदसाहेब स्वतः आले, गाडीतून. मी नाक्यावर होतोच. अशा वेळी मी नाक्यावर नसेन तर काय उपयोग?

"शेठ, करारात लिहिलंय. चोवीस तास आमच्या माणसाला वर जाता आलं पाहिजे."

"लिहिलंय ना," धर्मराज म्हणाला. "पण चावी माझ्याकडे नसते. कुलूपवाला डिपार्टमेंट वेगळा हाय. मी तिकीट टाकलंय."

"कधीपर्यंत?"

"सात ते दहा दिवस."

स्वानंदने हसून बघितलं. कुणी हसलं नाही. तो चिडला, पोलिसांचं नाव काढलं, वकिलाचं काढलं. पायरीवर बसलेली गोजराबाय उठली. तिने आवाज चढवला नाही. "साहेब, त्या दिशी तू म्हनलास ना, एका म्हातारीचा फोन? ती म्हातारी मी. तुजं कुलूप मना उघरत नाय, त्याचं कुलूप तुना उघरत नाय. बस आता माज्या बाजूला. ऊन खा."

बसला नाही. गाडीत जाऊन फोन लावत राहिला, आणि रेंज नसल्यामुळे गाडी हायवेपर्यंत न्यावी लागली. त्याच दिवशी हेड ऑफिसला म्हातारीसाठी सांगणारा माणूस सापडला.

दुसऱ्या दिवशी केयूर लॅपटॉप घेऊन शिरवण्याला आला. वैजयंतीने त्याच्यासाठी चहा टाकला. त्याने वायर लावली, कोड टाकला, आणि चहा उकळायच्या आत फोन उघडला. आधी खोकला ऐकू आला, मग ठमाबायचा तो फाटका, खणखणीत आवाज. घरात जमलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. सुचिता रडली. धर्मराजसुद्धा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

गोजरा रडली नाही. ती केयूरला म्हणाली, "एवरंच?"

"हो मावशी. झालं."

"म्हंजे तुर्भ्याला आलंवतं, त्या दिशी बी एवरंच व्हतं?"

केयूर खाली बघत म्हणाला, "हो."

तेव्हा ती पेटली. इतके दिवस तिला वाटत होतं, काहीतरी मोठं मोडलंय, दुरुस्तीला अवघड आहे. काहीच मोडलेलं नव्हतं. एका ओळीचा आकडा होता, आणि तो द्यायचा नव्हता म्हणून दिला नव्हता. तिने केयूरला, स्वानंदला, छत्रीखालच्याला, दोन्ही कंपन्यांच्या सात पिढ्यांना अशा शेलक्या आगरी शिव्या घातल्या, की मी लिहून घ्यावं म्हणून पेन काढलं आणि वैजयंतीने माझ्याकडे बघितल्यावर परत ठेवलं. केयूर बिचारा चहा न पिताच गेला. धर्मराजने कुलूप काढायला किल्ली उचलली, तर म्हणाली, "ठेव. गावात अशे फोन आनखी हायत. त्या बायांचे उघरूदे, मग काढ." त्यांचेही कोड आले.

उरलेले दिवस ती घरातून बाहेर पडली नाही. शेजारणी सांगत, आतून एकच ओळ पुन्हापुन्हा ऐकू येते, आधी ठमाबायच्या आवाजात, मग गोजराच्या. "परत धवला कोनाच्या चावीवर ठेवनार नाय," एवढंच ती सुनेला म्हणाली.

लग्नाच्या दिवशी मी पहिल्या रांगेत खुर्ची धरली. फोन तिच्यापाशी नव्हता. नवी झेलणारी म्हणून वैजयंतीला शिकवून उभी केली होती. गोजराने पहिली अर्धी ओळ सोडली. आवाजात गोडवा नव्हता, राग होता, आणि तो राग बांधावरून, खाडीवरून, वेशीवरून एकेका देवाला मांडवात ओढून आणत होता. एकही पत्ता चुकला नाही. मिठागराच्या देवापाशी वैजयंतीनेच दुसरा अर्धा उशिरा झेलला. गोजराने धवला थांबवला, सगळ्या पाहुण्यांदेखत, नवऱ्यामुलाच्या आईदेखत तिला झाप झाप झापलं, आणि तीच ओळ पुन्हा सुरुवातीपासून सोडली.