बाबांचा ऑक्सिजन आणि माझा प्रवेश

बोईसरच्या दवाखान्यात पेशंट मला ‘ब्रदर’ म्हणत, वर सल्लेही विचारत. त्यामुळे मी स्वतःला फार शहाणा समजू लागलो होतो. बी.एस्सी. नर्सिंग झालं होतं आणि पुढे दोन वाटा होत्या. सामुदायिक आरोग्यातली एम.एस्सी. जवळच्या कॉलेजात, म्हणजे संध्याकाळी मासवणला घरी. नाहीतर अतिदक्षतेतला नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम. तो दोन वर्षं मुंबईत, रुग्णालयातच राहून. मला ही दुसरी वाटच हवी होती. त्यात रुबाब होता.

अडचण बाबांची. कारखान्यात रंगाच्या भुकटीत त्यांची उमेदीची वर्षं गेली. आता ओटा चढतानाही धाप लागायची.

ठरवायची हिंमत नव्हती, म्हणून मी ते काम यंत्रावर ढकललं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरी नेऊन दिला आणि, अक्कल बघा माझी, नियम बाबांनाच सांगितला. “रोज सकाळी फोनवर आकडा सांगा. आठवडाभर त्र्याण्णवच्या वर राहिला तर मी मुंबईला. नाहीतर इथलंच कॉलेज.”

“सत्त्याण्णव,” बाबा रोज सांगत.

“दम लागतो का?”

“नाय रे. तू सामान बांध.”

वॉर्डात शिकाऊ मुलींना मीच दटावायचो, स्वतः न बघितलेला आकडा चार्टवर लिहाल तर याद राखा! आणि इथे, तासाभराच्या वाटेवर घर असताना, जोडून ड्युट्या आहेत म्हणत खोलीवर बसून सातही आकडे वहीत उतरवले.

मुंबईत पाचेक महिने झाले असतील. एका दुपारी कुणा म्हाताऱ्याच्या नळीतला कफ ओढत होतो, तेव्हा घरून फोन आला. मी पोचेपर्यंत बाबा गेले होते.

दहाव्यानंतर आई म्हणाली, “तो आकडा माझ्या बोटाचा व्हता. त्यांचा शाऐंशीच्या वर कधी गेलाच नाय.”

“मग मला सांगायचंस ना, आई!”

“शपथ घातलेली त्यांनी. आणि एकदा येऊन तोंड बघितलं असतंस तर सांगायला लागलं नसतं. नर्स ना तू?”

नातेवाईक म्हणाले, सोड ते मुंबईचं, आईजवळ राहा. आईला विचारलं तर ती तांदूळ निवडत म्हणाली, “आता राहून काय उपेग? जा.”

गेलो. वडिलांची इच्छा पुरी करतोय, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे आईसमोर रोज जेवायला बसण्यापेक्षा मला व्हेंटिलेटर सोपा वाटला.