मैत्रेयीचा चार्ज

केळापूरच्या मैत्रेयीला नोकरी लागली तेव्हा घरच्यांनी आळीभर पेढे वाटले. पण तीच नोकरी सोडायची वेळ आली तर कंपनी सुटू देईना, त्याची ही गंमत. गंमत आता म्हणायची. तेव्हा पोरगी वाळून काडी झाली होती.

कंपनी पुण्याची, काम घरून. दवाखान्यांत पेशंटची नोंद होते ते सॉफ्टवेअर आठ जणांनी मिळून बांधलेलं. सात जण सोडून गेले आणि त्यांचं काम एकेक करत हिच्या डोक्यावर आलं. कुठे काही बंद पडलं की कंपनीचा मोबाईल वाजायचा; घास हातात असताना उठायची, अंगात ताप असताना उठायची.

अशात नागपुरात दुसरी नोकरी मिळाली. तिथल्यांनी रुजू व्हायची तारीख दोनदा पुढे ढकलली. तिसऱ्यांदा सांगितलं, शुक्रवारी पाचपर्यंत जुन्या कंपनीचं सुटकेचं पत्र पाठवा, नाहीतर राहू द्या.

त्या पत्रासाठी कंपनीचा फॉर्म होता आणि फॉर्मात एक रकाना, चार्ज, म्हणजे कामाचा ताबा, घेणाऱ्याचं नाव. रिकामा सोडला की फॉर्म पुढे सरकतच नाही.

"सर, कोणाला देऊ?" तिनं शाम सरांना, म्हणजे तिच्या साहेबांना, विचारलं.

"नवीन माणूस आला की दे."

"कधी येणार?"

"तू गेलीस की जागा रिकामी होईल. मग भरती निघेल."

शुक्रवारी सकाळी ती भिंतीला टेकून बसली. रडूही येईना. आजोबा श्रावण तीस वर्षं गावचे कोतवाल होते. त्यांनी सगळं विचारून घेतलं.

"घेणारा नसला तं काय झालं? आमचे तलाठी साहेब एकाएकी बदलून गेले, तवा म्या दप्तर पंचनाम्यानं ताब्यात घेतलतं. बोलाव पंच."

"आबा, ते कागदं होते. हे कोड हाय."

"मंग कागदावर उतरव."

शेजारचे सेवादास आणि अंगणवाडीच्या नंदाबाई पंच म्हणून खाटेवर येऊन बसले. मैत्रेयी एकेक दाखवत गेली.

"या फाईलले हात लावाचा नाही. लावला तं सगळे दवाखाने बंद पडते."

"काहून?" नंदाबाईंनी विचारलं.

"मालूम नाही. लिहिणारा सोडून गेला."

"अन् तुले रोज तिथंच हात घालाव लागते?"

"हो मावशी."

सेवादास स्क्रीनवरून तिच्याकडे वळले. "पोरी, तू जिती कशी राह्यली?"

पंचनामा झाला. चार्ज घेणार श्रावण, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त कोतवाल. तिनं काही लपवलं नाही; रकान्यात आजोबांचं नाव टाकलं, सह्यांसकट कागदाचा फोटो जोडला. साडेचारला पत्र आलं. कंपनीत कोणी काही वाचलंच नव्हतं.

पत्र नागपूरला पाठवून तिनं लॅपटॉप आणि कंपनीचा मोबाईल कुरिअरसाठी कापडात बांधायला घेतले. गाठ मारली तोच आतून मोबाईल वाजला. थांबला, पुन्हा वाजला. कुठेतरी दवाखान्यात माणसं ताटकळत उभी असतील, हे तिला कळत होतं. कोणती ओळ बिघडली असेल, तेही कळत होतं. हात गाठीवर गेला.

"चार्ज देला ना तू?" आबांनी विचारलं.

"देला."

"मंग तो फोन माहा हाय."

त्यांनी गठोडं स्वतःच्या मांडीवर ओढून घेतलं. मैत्रेयीला आता रडू फुटलं, आणि गठोडं वाजतच राहिलं.