कासवबाईंचा वेग

ताईला शाळेत सगळे कासवबाई म्हणायचे. तिच्या तासाला कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक इवलंसं कासव यायचं आणि 'शंभर पावलं पुढे, नव्वद अंश उजवीकडे' अशा मुलांनी लिहिलेल्या आज्ञा पाळत रेघा काढायचं. नऊ वर्षं ताई हंगामी शिक्षिका होती. शेवटी कायमची एक जागा निघाली. त्यासाठी परीक्षकांपुढे नमुना धडा द्यायचा होता.

उमेदवार दोघीच, ताई आणि तिची मैत्रीण. या मैत्रिणीला माउस धरण्यापासून ताईनंच शिकवलेलं.

ताईच्या धड्यात कासव फुलाची एकेक पाकळी काढायचं. ते फार पळू नये म्हणून दर पावलानंतर तिनं कॉम्प्युटरला उगाच लाखभर आकडे मोजायला लावलं होतं. लॅबमधल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरांवर हे झकास चालायचं. परीक्षकांच्या खोलीत मात्र नवाकोरा कॉम्प्युटर होता, आणि त्याला लाखभर आकडे म्हणजे किस झाड की पत्ती! ताई "आता पहिली पाकळी बघा हं" म्हणेपर्यंत अख्खं फूल काढून कासव मोकळं झालं. एक परीक्षक हसले. ताईनं धडा तिथेच आवरला.

मग मैत्रीण गेली. तेच फूल, त्याच पाकळ्या, फक्त मोजणीऐवजी घड्याळ बघून थांबायची एक ओळ. जागा तिला मिळाली. आदल्या दिवशी ताईचाच प्रोग्रॅम ती त्या खोलीत चालवून बघून आली होती. हे शिपायानं ताईला सहज सांगितलं.

ताईनं तिला जिन्यात गाठलं. "काल कळलं होतं ना तुला? मग मला का नाही सांगितलंस?"

"अगं, डोक्यातूनच गेलं."

डोक्यातून गेलं म्हणे! स्वतःची ओळ घालताना बरं आठवलं. मला आजही त्या बाईचा संताप येतो. ताई घरी येऊन एवढंच म्हणाली, "जागेचं काही नाही गं. मी तिला माझं माणूस समजत होते."

महिन्याभरात तीच बाई आमच्या दारात हजर. लॅबमधल्या जुन्या कॉम्प्युटरांवर तिचं कासव रखडत होतं. तिथे रेघ काढायलाच वेळ लागायचा, त्यात घड्याळाचं थांबणं वेगळं. दुसऱ्या दिवशी साहेब तास बघायला येणार होते.

"तेवढं जमवून दे ना," ती म्हणाली.

रेघेत गेलेला वेळ थांबण्याच्या वेळातून वजा करायचा, बस्स. हरल्यावर ताईनं ते हट्टानं शोधून काढलं होतं.

"मला येतं ते," ताई म्हणाली. मैत्रिणीचा चेहरा खुलला. ताईनं दार लावून घेतलं, आणि त्याच दाराला पाठ टेकून ती पहिल्यांदा ढसाढसा रडली.